खवट तेलाची दोन दुखणी: पेडण्यातल्या एका घाण्याचं प्रकरण

पेडणे तालुक्यातल्या एका महिला स्वयंसाहाय्य गटाचा लाकडी घाणा आहे. घाणा विजेवर फिरतो, पण उखळ लाकडाचं आणि वेग कमी, त्यामुळे तेल फारसं तापत नाही. गट दोन तेलं काढतो, खोबरेल आणि शेंगदाण्याचं. खोबरं गावातल्याच माडांचं. शेंगदाणा काही जवळच्या वायंगणी (हिवाळी पिकाच्या) शेतातला, उरलेला बेळगावहून आणलेला. वर्षभर थोडंथोडं तेल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि जत्रांमधून जातं. पण खरी विक्री मे महिन्यात, पुरुमेंताच्या वेळी. पावसाळ्यात पुरेल एवढं तेल, आमसुलं, मिरच्या, सुकी मासळी भरून ठेवायची गोव्यातली रीत अजून बऱ्याच घरांत पाळली जाते. म्हणजे मे महिन्यात विकलेली बाटली लगेच संपत नाही. काही बाटल्या ऑगस्ट-सप्टेंबरात, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला घेताना उघडतात.

तक्रारी आल्या त्या तेव्हाच. तेलाला वास येतो, नेवऱ्या खाववत नाहीत. सणाचा जिन्नस वाया गेल्यावर माणूस नुसते पैसे परत मागून थांबत नाही, पुढच्या वर्षी तो त्या घाण्याकडे फिरकतही नाही. गटाच्या बायकांना धास्ती होती ती याची.

उपाय त्यांच्याकडे तयारच होता. एका पुरवठादाराने रोझमेरी या विलायती सुवासिक झुडपाच्या अर्काची छोटी बाटली दाखवली होती: काही थेंब घाला, तेल वर्षभर टिकेल. गटातल्या एका तरुण सभासदाने मोबाइलवर वाचलं होतं की कढीपत्त्यातही तसेच गुण असतात, आणि कढीपत्ता तर परसात फुकट. मी रसायनशास्त्र शिकवते, गटातल्या दोघींच्या मुली माझ्या विद्यार्थिनी, त्यामुळे प्रश्न माझ्यापर्यंत आला तो असा: "बाई, कढीपत्ता घालू की रोझमेरी?"

या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते एवढंच. वनस्पतींचे अर्क तेल टिकवतात, यात शंका नाही. पण ते एकाच प्रकारच्या बिघाडावर चालतात, आणि तेही ठरावीक परिस्थितीत. तेलाला नक्की काय झालंय ते पाहिल्याशिवाय अर्क घातला, तर पैसे जातात आणि कधीकधी तेल उलट लवकर बिघडतं.

परत आलेल्या बाटल्या

सगळ्यात आधी परत आलेल्या बाटल्या एका टेबलावर मांडल्या आणि तेलाप्रमाणे वेगळ्या केल्या. मग प्रत्येक तेल तळहातावर चोळून वास घेतला. गटातल्या सगळ्यात वयस्क काकींनी पहिल्या दोन-तीन बाटल्यांतच सांगून टाकलं की हे वास दोन वेगळे आहेत. त्यांचं बरोबर होतं. खोबरेलाला साबणासारखा वास होता आणि जिभेवर टेकवलं की चरचरत होतं. शेंगदाणा तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशाला खवखवणारा वास होता. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना खवटच म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र ही दोन दुखणी आहेत, त्यांची कारणं निराळी आणि औषधंही निराळी.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. पाणी, बुरशी किंवा लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) यांच्यामुळे ही जोडणी सुटते आणि मेदाम्लं मोकळी होतात. हे जलविघटन. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि त्याच्या जोडीला त्याहून लहान साखळीची आम्लंही असतात. ती मोकळी झाली की साबणाचा वास येतो. शेंगदाणा तेलातली मोकळी आम्लं लांब साखळीची, त्यांना असा वास नसतो. म्हणून सारख्याच ओलाव्यात खोबरेल आधी बोलतं.

दुसरं दुखणं ऑक्सिडीकरणाचं. हवेतला ऑक्सिजन असंतृप्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधाशेजारी शिरतो, पेरॉक्साइडं तयार होतात, ती फुटून अल्डिहाइडं होतात आणि नाकाला जाणवतात ती ही अल्डिहाइडं. ही साखळी-अभिक्रिया आहे. एक मुक्त मूलक, म्हणजे जोडीचा इलेक्ट्रॉन नसलेला अस्थिर कण, दुसरा घडवतो, दुसरा तिसरा. सुरुवातीला बराच काळ काहीच झालेलं दिसत नाही आणि मग अचानक तेल झपाट्याने जातं. खोबरेल सुमारे ९० टक्के संतृप्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं; त्यात दोन दुहेरी बंध असलेलं लिनोलेइक आम्ल जेमतेम एक-दोन टक्के. त्याला हे दुखणं सहजी लागत नाही. शेंगदाणा तेलात लिनोलेइक भरपूर असतं आणि ते एकच दुहेरी बंध असलेल्या ओलेइकपेक्षा दहापटीहून जास्त वेगाने ऑक्सिजन घेतं.

वनस्पतींमधली फिनॉलिक द्रव्यं नेमकी या साखळीत मध्ये पडतात. स्वतःचा हायड्रोजन मूलकाला देऊन त्याला शांत करतात आणि त्यात स्वतः खर्ची पडतात. रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल, लवंगेतलं युजेनॉल, तिळातलं सेसामॉल, कढीपत्त्यातली कार्बाझोल अल्कलॉइडं, सगळ्यांचं काम थोड्याफार फरकाने हेच. पण जलविघटनात मूलकच नसतात. तिथे रोझमेरी काय किंवा कढीपत्ता काय, शांत करायला कोणीच नाही. म्हणजे गटाच्या निम्म्या तक्रारींवर, खोबरेलाच्या तक्रारींवर, त्या महागड्या बाटलीचा काडीचाही उपयोग नव्हता.

खोबऱ्याचं अंगण

खोबरेलाचं मूळ सापडायला प्रयोगशाळा लागली नाही, अंगण पुरलं. नुकत्याच फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. घाण्याला घालायच्या आधी ते ६ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. एप्रिलच्या कडक उन्हात ते येतंही. पण मागणी वाढली म्हणून मेच्या शेवटी आणखी नारळ फोडले गेले, तेव्हा आभाळ भरून यायला लागलं होतं, वळवाचा पाऊसही पडून गेला होता. ताडपत्री टाकायची, काढायची, असं करत तो माल वाळवला. वाळलेली वाटी हातात घेऊन मोडली की कट्ट आवाज येऊन तुटली पाहिजे. त्या खेपेतल्या शिल्लक वाट्या आम्ही मोडून पाहिल्या, त्या वाकत होत्या. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागत होतं आणि काहींच्या कडेला हिरवट-पिवळी बुरशी धरलेली होती. अशी बुरशी असलेली वाटी तेलात नुसता वास आणत नाही, अफ्लाटॉक्सिनसारखं विषही आणू शकते. ती फेकूनच द्यायची, धुऊन-पुसून वापरायची नाही.

दुसरी गोष्ट गाळाची. घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असतं. त्यात खोबऱ्याचे कण, प्रथिनं आणि त्यांच्यासोबत पाणी असतं. पुरुमेंताच्या गडबडीत तेल निवळायला पुरता वेळ न देता भरलं गेलं होतं. परत आलेल्या बहुतेक बाटल्यांच्या तळाशी पांढुरका थर दिसत होता. काकींनी त्यातलं थोडं पळीत घेऊन चुलीवर धरलं, लगेच तडतडायला लागलं. तेलात पाणी आहे की नाही याची एवढी स्वस्त चाचणी दुसरी मला माहीत नाही.

कॉलेजात आम्लांक काढला, म्हणजे तेलात मोकळी आम्लं किती आहेत ते मोजलं. तेलाचं वजन करायचं, अल्कोहोलात मिसळायचं, फिनॉल्फ्थलीनचे थेंब टाकून पोटॅशियम हायड्रॉक्साइडने गुलाबी छटा टिकेपर्यंत अनुमापन करायचं. बारावीच्या मुलीही हे नीट करू शकतात. शीतदाबाच्या (न तापवता काढलेल्या) आणि व्हर्जिन तेलांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात आम्लांकाची मर्यादा दर ग्रॅम तेलाला ४ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड एवढी आहे. एप्रिलच्या खोबऱ्याचं तेल मर्यादेच्या बरंच आत होतं, मेअखेरच्या खेपेचं तिच्यापलीकडे. माड तेच, घाणा तोच, हातही तेच. फरक फक्त वाळवणाचा.

पुढच्या हंगामासाठी इथे उपाय साधा आहे, पण खर्चाचा. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने करवंटीवर चालणारी खोबरं वाळवण्याची यंत्रं विकसित केली आहेत. खोबऱ्याला धूर न लागता उष्ण हवा मिळते आणि जळण घरचंच. गटाने तसला ड्रायर घ्यायचं ठरवलं. तो येईपर्यंत नियम असा की ढग दिसायला लागले की नारळ फोडणं बंद. ऑर्डर कमी घ्यावी लागली तरी चालेल.

शेंगदाणा तेलाचं दुखणं

आता अर्काचा खरा विषय. शेंगदाणा तेलाचा पेरॉक्साइड अंक काढला तेव्हा गटाच्या तिघीजणी प्रयोगशाळेत आल्या होत्या. त्यांना ते डोळ्यांनी दिसलं याचं मला फार महत्त्व वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ५ ग्रॅम तेल ॲसिटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्मच्या मिश्रणात विरघळवलं, त्यात पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण घालून मिनिटभर हलवलं. तेलात पेरॉक्साइड असेल तर ते आयोडीन मोकळं करतं. ताज्या तेलाचा फ्लास्क जेमतेम पिवळसर झाला. परत आलेल्या तेलाचा बघता बघता गडद पिवळा झाला. मग पाणी, मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडियम थायोसल्फेट. पिवळा फिकट झाल्यावर स्टार्च, की जांभळट निळा रंग उभा राहतो. आणि मग तो नाहीसा होईपर्यंत पुन्हा थेंब. ताज्याला काही थेंबांतच संपलं. जुन्याला ब्युरेट पुन्हा पुन्हा सोडावं लागलं. कोडेक्सची मर्यादा शीतदाबाच्या तेलाला किलोमागे १५ मिलिइक्विव्हॅलंट, रिफाइंडला १०. परत आलेलं तेल १५ च्या वर होतं.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवते. पेरॉक्साइडं कायम टिकत नाहीत, फुटतात. त्यामुळे फार जुन्या तेलाचा हा अंक पुन्हा खाली आलेला असू शकतो. कोणी खवट तेलाचा छान अहवाल दाखवला तर अॅनिसिडीन अंकही मागावा, तो फुटून झालेली अल्डिहाइडं मोजतो.

मग आम्ही कारणं शोधत गेलो. तेल निवळायला ठेवायचं भांडं पितळेचं निघालं, आणि आतली कल्हई बऱ्याच ठिकाणी उडालेली होती. तांबं हे ऑक्सिडीकरणाला फार जोराने चालना देतं. कोडेक्सने व्हर्जिन तेलात लोखंड किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं आहे, तांबं मात्र फक्त ०.४ मिलिग्रॅम. पितळेत तांबंच जास्त. आपल्या आजीच्या काळात कल्हईवाला ठरलेल्या वेळी दारावर यायचा. आता तो दिसत नाही, पण भांडी तीच वापरात राहिली आहेत. भांडं बदललं, स्टेनलेस स्टीलचं घेतलं. या बदलाला एकदाच खर्च आला आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फायदा यानेच झाला.

दुसरं कारण बाजारात दिसलं. शुक्रवारच्या बाजारात गटाच्या पारदर्शक बाटल्या टेबलावर रांगेने उभ्या, आणि दुपारपर्यंत ऊन थेट त्यांच्यावर. सोनेरी तेल उन्हात चमकतं, गिऱ्हाईक थांबतं, म्हणून मुद्दामच तशा लावलेल्या. न खपलेल्या बाटल्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच उन्हात. तिसरं कारण, बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या नव्हत्या, वर बरीच हवा होती.

कढीपत्त्याची चाचणी

कढीपत्त्याची कल्पना मला मुळीच टाकाऊ वाटत नव्हती. आपल्याकडे लोणी कढवताना त्यात विड्याचं पान किंवा कढीपत्ता टाकतात. तूप रवाळ होतं, वास छान येतो आणि टिकतंही. १९७० च्या दशकात आपल्याकडच्या दुग्धशास्त्रज्ञांनी ही दोन्ही पानं तुपात घालून तपासली, तेव्हा तूप खवट होणं खरोखर लांबतं असं दिसलं. रोझमेरीचं नावही उगाच झालेलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत ३२ मसाले डुकराच्या चरबीत घालून पाहिले गेले, त्यात रोझमेरी आणि सेज सगळ्यांत सरस ठरले होते.

आम्ही ताज्या घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलं. काहीत धुऊन पुसलेली ओली पानं तशीच टाकली. काहीत सावलीत कडक वाळवलेली पानं मंद आचेवर मुरवून, मग गाळून घेतली. काही तेल नुसतं ठेवलं. प्रत्येकाचे भाग करून काही बंद डब्यात कपाटात, काही पारदर्शक बाटलीत खिडकीशी, आणि काही ६० अंशांच्या ओव्हनमध्ये. ओव्हनची ही चाचणी तेल लवकर म्हातारं करून पाहण्यासाठी वापरतात. तिथला एक दिवस साधारण बाहेरच्या महिन्याएवढा, असा ढोबळ हिशोब आहे.

ओव्हनमध्ये वाळवलेल्या पानांचं तेल सरळसरळ जिंकलं. नुसत्या तेलाचा पेरॉक्साइड अंक चढायला लागला तेव्हा याचा जागच्या जागी होता. कपाटातल्या डब्यांतही निकाल हाच. गटात आनंदीआनंद. लेबल काय लावायचं याची चर्चासुद्धा सुरू झाली.

खिडकीतल्या बाटल्यांनी मात्र उलटा निकाल दिला. तिथे कढीपत्त्याचं तेल नुसत्या तेलाच्याही आधी बिघडलं.

कारण पानाच्या हिरवेपणात आहे. पान तेलात मुरवलं की अल्कलॉइडांबरोबर हरितद्रव्यही उतरतं, तेल सुंदर पोपटी दिसतं. हरितद्रव्याचं काम झाडावर असतानाही प्रकाश पकडण्याचंच. तेलात ते पकडलेली ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि साध्या ऑक्सिजनचा अतिशय क्रियाशील असा सिंग्लेट ऑक्सिजन होतो. त्याला मूलकांच्या साखळीची वाट पाहावी लागत नाही, तो सरळ दुहेरी बंधावर जाऊन बसतो. कढीपत्त्यातल्या रक्षक द्रव्यांचं बळ साखळी तोडण्यात. हा हल्ला साखळीच्या बाहेरून येतो. अंधारात हेच हरितद्रव्य निरुपद्रवी असतं. म्हणून ओव्हन आणि कपाट दोन्हींनी आम्हाला अर्धंच सांगितलं होतं, कारण दोन्हीकडे अंधार होता. म्हापशाच्या बाजारात ऊन आहे. घरगुती उत्पादनांचे प्रयोग करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की माल जिथे विकणार तिथल्या परिस्थितीत एक तरी नमुना ठेवून पाहा.

कढीपत्त्याचा वास खवटपणा झाकतो, हेही लक्षात आलं. नाकाला बरं वाटणाऱ्या एका नमुन्याचा अंक मर्यादेबाहेर होता. वासावर भिस्त ठेवून विकलं असतं तर गिऱ्हाइकाच्या कढईत तापल्यावर ते बाहेर पडलं असतं.

ओल्या पानांचं तेल तर सगळीकडेच लवकर गेलं. पानातलं पाणी तेलात उतरलं, तळाशी थेंब दिसले, आम्लांक चढला. आणि यात नुसत्या चवीचा प्रश्न नाही. हवा नाही, पाणी आहे, आम्लता नाही, अशा जागी बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणीमुळे बोटुलिझमची साथ आली होती. बाटली फ्रीजबाहेर ठेवलेली होती. बाटलीत हिरवी पानं किंवा ठेचलेली लसूण तरंगत असलेलं तेल दिसायला देखणं असतं, पण ते महिनोन्‌महिने कपाटात ठेवायची वस्तू नाही.

काकींनी मग कोकम सुचवलं, इथलंच फळ म्हणून. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल हे चांगलं ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य आहे खरं. पण सालीचा लाल रंग आणि आंबटपणा दोन्ही पाण्यात विरघळणारे, तेलात ते उतरतच नाहीत. आणि आमसुलासोबत मीठ आणि ओलावा येतो. गार्सिनॉल वेगळं काढायला द्रावकं आणि यंत्रणा लागते, ते घाण्यावरचं काम नव्हे. ग्रीन टीच्या अर्काचीही गत तीच, त्यातली कॅटेचिनं तेलात नीट मिसळत नाहीत. हळद रंग सोडते आणि उजेडात तिचं कुरकुमिन टिकत नाही. लवंग चालते, पण मग नेवरीला लवंगेचा वास येतो.

रोझमेरीची बाटली आणि लेबल

राहिला पुरवठादाराचा अर्क. चांगल्या प्रतीच्या रोझमेरी अर्कातून रंग आणि वास काढून टाकलेला असतो, त्यामुळे हरितद्रव्याची अडचण येत नाही. तो अगदी थोडा लागतो आणि तळणीच्या उष्णतेतही बऱ्यापैकी तग धरतो. मग घालायला हरकत काय?

हरकत लेबलाची. गटाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, लाकडी घाण्याचं शीतदाबाचं तेल. कोडेक्सच्या मानकानुसार व्हर्जिन आणि शीतदाबाच्या तेलात कोणतंही अन्नयोजक (वरून घातलेलं द्रव्य) चालत नाही. युरोपीय संघाने २०१० मध्ये रोझमेरी अर्काला ई ३९२ म्हणून मान्यता दिली, तीही तेलांच्या बाबतीत व्हर्जिन तेलं वगळून आणि कार्नोसिक आम्ल व कार्नोसॉल यांच्या बेरजेवर मर्यादा घालून. नैसर्गिक आहे म्हणून कितीही, कशातही, असं कायदा मानत नाही. टीबीएचक्यू या कृत्रिम ऑक्सिडीकरणरोधक द्रव्याला आपल्याकडे किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि वनस्पतीच्या अर्कालाही त्याची परवानगी, त्याचा अन्नप्रकार आणि त्याची मात्रा असतेच. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या यादीत ज्या अन्नप्रकारापुढे जे आहे तेवढंच घालायचं आणि लेबलवर लिहायचं.

मला या नियमामागचं म्हणणं पटतं. गिऱ्हाईक घाण्याच्या तेलाला जास्त पैसे देतं ते त्यात दुसरं काही नाही म्हणून. त्या विश्वासावर गुपचूप थेंब टाकणं मला योग्य वाटत नाही, थेंब कितीही निर्मळ असोत. तीळतेल थोडं मिसळून सेसामॉलचा फायदा घ्यावा, अशीही सूचना आली होती. पण दोन तेलं एकत्र केली की ते मिश्र खाद्यतेल होतं. त्यात प्रत्येक तेल किमान २० टक्के हवं. चिमूटभर तीळतेल घालून शेंगदाणा तेल म्हणून विकता येत नाही.

मुरवलेल्या कढीपत्त्याचा उपयोग दुसरीकडे झाला. गट फणसाचे आणि केळ्याचे चिप्स तळून विकतो. तिथे तळताना शेवटच्या खेपेत वाळवलेली पानं घालून, पानांसकट चिप्स अपारदर्शक पिशवीत भरले. चव आवडली आणि चिप्स टिकलेही बरे. पण तळणीच्या तेलाला पान हे तारण नव्हे. पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात साठणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकायचं, हा १ जुलै २०१८ पासूनचा नियम तसाच लागू राहतो, पानं घातली तरी.

गटाने काय ठरवलं

परत आलेल्या तेलात अर्क घालून ते पुन्हा विकता येईल का, हा प्रश्न एकीने अगदी दबक्या आवाजात विचारला. नुकसान मोठं होतं, विचारणं साहजिक होतं. उत्तर नाही असंच आहे. मूलकाला थांबवता येतं, झालेलं अल्डिहाइड परत मेदाम्ल होत नाही. खोबरेलाचा साबण केला; मोकळी आम्लं असलेल्या तेलाचा साबण चांगलाच होतो. शेंगदाणा तेल दिव्यासाठी म्हणून वेगळं काढलं.

खोबरेलात काहीही घालायचं नाही. वाटी मोडून पाहिल्याशिवाय घाण्यात टाकायची नाही, तेल निवळल्याशिवाय आणि पळीची तडतड थांबल्याशिवाय भरायचं नाही. प्रत्येक खेपेची वाळवणाची आणि घाण्याची तारीख वहीत, तीच बाटलीवर. आम्लांक कॉलेजात, हंगामाला एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत.

शेंगदाणा तेल आता पत्र्याच्या डब्यात, गळ्यापर्यंत भरून. डब्याला बाटलीपेक्षा पैसे जास्त पडतात आणि गिऱ्हाइकाला तेल दिसत नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी टेबलावर एकच छोटी काचेची बाटली नमुन्याला ठेवायची, ती विकायची नाही आणि दर शुक्रवारी बदलायची असं ठरलं. बाकीचे डबे टेबलाखाली, सावलीत.

सगळ्यात चांगली सूचना काकींची. तेल टिकवायची एवढी खटपट करण्यापेक्षा दाणा टिकवू. नीट वाळवलेला, निवडलेला दाणा हवाबंद पिंपात तेलापेक्षा चांगला राहतो; त्याचं स्वतःचं टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) आणि त्याची साल त्याला सांभाळतात. अट एकच, पिंपात ओल शिरता कामा नये, नाहीतर बुरशी. म्हणून पुरुमेंताचं शेंगदाणा तेल आता दोन हप्त्यांत मिळतं. मे महिन्यात पूर्ण पैसे घ्यायचे, अर्धं तेल तेव्हा द्यायचं आणि उरलेलं चवथीच्या आधी ताज्या घाण्याचं. गिऱ्हाइकांना चिठ्ठी दिली जाते, तिच्यावर दुसऱ्या हप्त्याचा आठवडा लिहिलेला असतो. काहींनी कुरकुर केली, पावसात पुन्हा यायचं म्हणून. त्यांच्यासाठी म्हापशाच्या टेबलावरून डबा नेण्याची सोय केली आहे.